नख आत रुतून पिकणं: काय केलंत, कशाने बरं झालं?

पायाच्या अंगठ्याचं नख बाजूच्या मांसात घुसून पिकलंय, असं कोणाला झालंय का? मुलाला सध्या हाच त्रास आहे, चादर लागली तरी ओरडतो. अनुभव लिहा प्लीज.

*

मला कॉलेजात असताना सारखं व्हायचं. अँटिबायोटिकचा कोर्स घेतला की सूज उतरायची, पू थांबायचा आणि गोळ्या संपल्या की परत ठणका सुरू. शेवटी एका सर्जननी सांगितलं की नखाची कड आत टोचतेय तोवर गोळ्यांनी काय होणार, आधी ती काढायला हवी. मग अंगठ्याला भूल देऊन कडेची उभी पट्टी काढली आणि मुळाशी फिनॉल (नखाचं मूळ जाळणारं रसायन) लावलं, म्हणजे तेवढ्या भागात नख सहसा परत येत नाही, नुसती पट्टी काढली तर पुन्हा व्हायचे चान्सेस बरेच जास्त. भुलीचं इंजेक्शन मात्र जाम दुखतं, पुढचं काहीच कळलं नाही.

*

+१. फक्त फिनॉलनंतर काही आठवडे जखमेतून पाणी येत राहतं, ते पू समजून घाबरू नका. लाली पसरायला लागली किंवा ताप आला तर मात्र लगेच दाखवा.

*

सुरुवात असेल तर घरी जमतं. लेकीचं नुसतं लाल नि दुखरं होतं, पू नव्हता. दिवसातून ३-४ वेळा १५-२० मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग नखाचा कोपरा हलकेच उचलून खाली कापसाची बारीक वात, ती रोज बदलायची. टोकाला निमुळते बूट बंद, नख सरळ कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत. कंटाळवाणं आहे पण झालं बरं.

*

सासऱ्यांना डायबेटिस, पायाला संवेदना कमी, त्यामुळे दुखलंच नाही, मोज्याला डाग दिसला तेव्हा कळलं. अशांनी घरी कापूस-बिपूस काही करू नये, सरळ डॉक्टर.

*

नवऱ्याला पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन चालू होतं, त्यात नखाशेजारी मांस वाढून लाल गोळा झाला, हात लावला की रक्त. त्या औषधाने असं होऊ शकतं म्हणे. कुठली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा.

*

थँक्स सगळ्यांना. मुलाच्या नखाशेजारी तसा गोळा आहेच, म्हणजे कापसाची वेळ गेली बहुतेक, उद्याच दाखवतो. प्रोसिजरनंतर बूट कधी घालता येतात?

*

दुखायचं थांबेपर्यंत पुढून उघडी चप्पल. त्याच दिवशी चालता येतं, खेळ मात्र थोडे दिवस बंद, त्यावरून घरात भांडण होणार हे धरून चला.