ग्रामसभा दरवेळी तहकूब होते, आपला विषय मांडायचा कसा?

पाणंदवाट: आमच्याकडे 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की लगेच ग्रामसभा लावतात, माणसं घरी निघून जातात, मग गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) नाही म्हणून तहकूब, आणि पुढच्या आठवड्यात पंधरा-वीस जण बसून सगळे विषय मंजूर करून टाकतात. वस्तीवरच्या पाण्याच्या लाइनचं मी सभेत बोललो होतो, प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) एक ओळ नाही. मी नोकरीला पुण्यात, मतदान गावात. भांडण नकोय, पाणी आलं पाहिजे.

माजी_सदस्य: दादा, तोंडी बोललेलं हवेत जातं. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, त्याच्याही आधी भाऊसाहेबांकडे, म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, लेखी अर्ज द्या, विषयपत्रिकेवर घ्या म्हणून, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. दुसरं म्हणजे गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यातलं जे कमी ते. गाव कितीही मोठं असू दे, 100 माणसं बसली की झालं! तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागतच नाही, खरा खेळ तिथंच होतो. त्यामुळे जोर पहिल्याच सभेला लावा, वस्तीवरून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आणा.

रानजाई: महिला सभा विसरू नका. ती ग्रामसभेच्या आधी घ्यावीच लागते, पण बऱ्याच गावांत नुसत्या घरोघरी सह्या फिरवतात. आमच्या बायकांनी सह्या द्यायला नकार दिला, शाळेच्या व्हरांड्यात सभा घ्यायला लावली आणि हातपंपाचा विषय सगळ्यांसमोर लिहून घेतला. पाणी आणायला आम्हीच जातो, त्यामुळे नेमकं कुठं अडतंय ते आम्हालाच माहीत असतं.

माजी_सदस्य: ताई, एकदम बरोबर.

सातबारा: पुण्यात बसून सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशाचा खर्च बघता येतो, आधी ते बघा. पाण्यासाठी काय धरलंय ते कळेल. प्रोसिडिंगची नक्कल देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाबद्दल वाचा, तिथं अभ्यासगटात विषय आधी समजून घेतात आणि ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीनं ठरवतात.

पाणंदवाट: अर्ज आजच लिहितो, 2 ऑक्टोबरच्या सभेला विषय आला पाहिजे. महिला सभेचं आईला आणि वहिनीला सांगतो, वस्तीवरच्या बायका त्यांचं ऐकतात.