मदत हवी आहे: एकाच दांड्याला दोन तऱ्हेची पानं, ही वनस्पती कोणती? आणि दुसरी का विरघळते?

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते. घरात काचेची टाकी आहे, २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे ७० लिटरच्या आसपास. टाकी मुलानं आणली. गेल्या जूनमध्ये तो शिकायला पुण्याला गेला, तेव्हापासून मी सांभाळते. फोनवर पहिला प्रश्न टाकीचाच असतो, म्हणून ती चांगली राहावी असं मनापासून वाटतं. मासे सगळे गप्पी. ते छान आहेत, दोनदा पिल्लंही झाली. अडचण वनस्पतींची आहे.

दिवाळीनंतर दुकानातून दोन जुड्या आणल्या. बुडाशी स्पंज आणि वर शिशाची पट्टी गुंडाळलेली होती, तशाच वाळूत खोचल्या. दुकानदारांना नाव विचारलं तर "भराभर वाढणारी आहेत, घेऊन जा" एवढंच म्हणाले.

पहिल्या जुडीची पानं आणली तेव्हा अखंड होती, कडेला जरा दातेरी, तुळशीपेक्षा मोठी. पंधरा दिवसांत ती पिवळी पडून गळाली. मेलं म्हणून उपटणार होते, तेवढ्यात शेंड्याला नवी पानं दिसली आणि ती चक्क कोथिंबिरीसारखी कातरलेली! खाली एखाददुसरं जुनं पान, वर ही कातरलेली. दोन वेगळी रोपं एकत्र बांधली होती की काय?

दुसरी जुडी फार देखणी होती. दांड्यावर समोरासमोर दोन-दोन पानं, प्रत्येक पान बारीक चिरलेल्या पंख्यासारखं. ती महिन्याभरात गाळ होऊन गेली. पुन्हा आणली, पुन्हा तेच.

तिसरी वनस्पती दिरांनी शेतातल्या खणीतून आणली. बारीक दांडा, प्रत्येक पेरावर चार-पाच अरुंद पानांचं वर्तुळ. ही इतकी वाढते की दर आठवड्याला ओंजळभर काढावी लागते. आता तिनंच वरचा भाग व्यापलाय आणि कोथिंबिरीवालीची खालची पानं गळतायत.

पाण्यात सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) सोडायची सोय वगैरे काही नाही. एलईडी दिवा सकाळी ७ ला लावते, रात्री जेवणं झाली की बंद. काचेवर हिरवं शेवाळ येतं. एप्रिलपासून दुपारी पाणी ३२ अंशांपर्यंत तापतं. कुंडीतलं काहीही माझ्या हाताखाली जगतं, पाण्यातलं नेमकं काय चुकतंय ते कळत नाही. कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, पहिली वॉटर विस्टेरिया, हायग्रोफिलाची एक जात. रोप एकच आहे, दोन नाहीत. नर्सरीत ही रोपं पाण्याबाहेर दमट हवेत वाढवतात, तिथे पानं अखंड येतात. पाण्याखाली गेली की जुनी पानं टाकून देतात आणि पाण्यात चालणारी कातरलेली नवी काढतात. बरं झालं उपटली नाहीत, बरेच जण इथेच हार मानतात. ओढ्याकाठचा काटेरी तालिमखाना पाहिला असेल, तो हिचाच भाऊबंद.

दुसरी तुमच्या वर्णनावरून कॅबोम्बा. अंबुलियाही दिसायला अशीच असते, पण तिची पानं दांड्याभोवती गोल वर्तुळात येतात. समोरासमोर दोनच म्हणजे कॅबोम्बा.

तिसरीच्या पानाच्या कडेवरून बोट फिरवून बघा. खरखरीत लागलं तर हायड्रिला. शाळेत उलट्या नरसाळ्यावर परीक्षानळी ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे दाखवायचे, तीच.

प्रतिसाद २
ताई, टाकीत पाणी कुठलं घालता? नळाचं कृष्णेचं की बोअरचं? कॅबोम्बा विरघळण्याचं कारण तिथेच असेल असं वाटतं.

धागाकर्ती
बोट फिरवलं, खरखरीतच आहे. पाण्याचं सांगते. आमच्याकडे वापराला बोअर आहे, बादलीला पांढरा थर धरतो. टाकीत मात्र मी आरओ मशीनचं बाजूच्या नळीतून येणारं पाणी घालते. एवढं पाणी रोज मोरीत जातं ते बघवत नाही. मशीनमधून आलेलं आहे म्हणजे बोअरपेक्षा बरं असेल असं धरून चालले होते.

प्रतिसाद २
सापडलं. आरओ गोडं पाणी एका नळीनं देतं आणि काढलेले क्षार दुसऱ्या नळीच्या पाण्यात ढकलतं. म्हणजे तुम्ही बोअरपेक्षाही जड पाणी घालत होता. ते फरशी पुसायला ठेवा.

आता यावरून सगळं जुळतं. वनस्पतींना कार्बन लागतो. कॅबोम्बा तो फक्त पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेते, आणि तुमच्यासारख्या जड, क्षारीय पाण्यात तो फार थोडा उरतो. हायड्रिला पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढू शकते, म्हणून त्याच पाण्यात ती माजते आणि कॅबोम्बा उपाशी मरते. तुमची काळजी कमी पडली नाही. गप्पींना जड पाणी मानवतं, त्यामुळे मासे काही बोलले नाहीत. कॅबोम्बा पुन्हा आणू नका, विस्टेरियावरच भर द्या.

पाणी एकदम बदलू नका, माशांना झटका बसेल. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, क्लोरिन उडून जातो. आठवड्याला तेवढं १० लिटर काढून तेवढंच घालायचं.

प्रतिसाद १
लावणीचंही सांगतो. शिशाची पट्टी आणि स्पंज काढून टाका, आत दांडे दबून कुजतात. विस्टेरियाचा वरचा ४-५ इंचांचा शेंडा कापा, खालच्या एका पेराची पानं खुडा आणि ते पेर वाळूत जाईल असा एकेक दांडा वेगळा लावा, मध्ये इंचभर जागा ठेवून. मुळं त्याच पेरातून फुटतात. उरलेलं खोड उपटू नका, त्याला दोन फुटवे येतील.

खालची पानं गळतायत ती बहुतेक सावलीमुळे. हायड्रिला निम्म्याहून जास्त काढा, पण सगळी नको. भराभर वाढणाऱ्या वनस्पती माशांच्या घाणीतला अमोनिया आणि नायट्रेट खाऊन टाकतात, शेवाळाला काही उरत नाही. दिवा मात्र ८ तासांवर आणा. १४ तास फार होतात, शेवाळ त्यावर पोसतंय.

प्रतिसाद ३
खणीतून पुन्हा काही आणलं तर आधी ८-१० दिवस वेगळ्या बादलीत ठेवा. चतुराच्या अळ्या येतात त्यातून, गप्पीची पिल्लं फस्त करतात. आणि छाटलेलं नदीत किंवा खणीत टाकू नका, विशेषतः कॅबोम्बा. ती मूळची अमेरिकेतली, तुकड्यावरून वाढते. वाळवून कुंडीत घाला, उत्तम खत.

धागाकर्ती (३ आठवड्यांनी)
सगळ्यांचे मनापासून आभार. विस्टेरियाचे ११ शेंडे वेगळे लावले, ९ धरले. कापलेल्या जुन्या खोडांना खरंच दोन-दोन फुटवे आले. काचेवरचं शेवाळ कमी झालंय. हायड्रिला वाळवून मोगऱ्याला घातली. मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तो बराच वेळ नुसता बघत होता.

आता एकच विचारते. एका दांड्याचं टोक पाण्याच्या ३ इंच वर आलंय आणि बाहेरची पानं पुन्हा पहिल्यासारखी अखंड निघाली आहेत. पाण्याबाहेर तिला जांभळट फुलं येतात असं वाचलं. टाकीचं झाकण काढून तो दांडा तसाच वाढू देऊ का? मासे उड्या मारतील याची भीती वाटते.