जुनं सेसना १७२ आणताना पॅनल बदलावं कुठे?

चिपीवाला: अमेरिकेतलं १९७८ चं १७२एन (छोटं एका इंजिनाचं विमान) बघतोय, ठेवणार सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाला. पॅनलवरचे, व्हॅक्यूम पंपावर चालणारे दोन्ही जायरो (विमानाचा कल आणि दिशा दाखवणारी उपकरणं) काढून दोन गार्मिन जी५ (त्यांच्या जागी बसणारे इलेक्ट्रॉनिक डिस्प्ले) बसवायचेत. काम तिकडेच उरकावं की इथे? आणि कागदांचा क्रम?

खाडीकाठ: तिकडेच करा. तिथे एसटीसीवर (त्या बदलाची आधीच मिळालेली तयार मान्यता) काम होऊन फॉर्म ३३७ (मोठ्या बदलाची नोंद) भरला जातो आणि विमान त्या बदलासकटच निर्यात वायुयोग्यता (उडायला सुरक्षित असल्याचं) प्रमाणपत्र घेऊन निघतं. इथे तेच काम म्हणजे सीएआर-२१ (भारताचे विमान नियम) खाली बदलाची मान्यता आणि सीएआर-१४५ मान्यतेची देखभाल संस्था, दोन्ही शोधत बसा.
क्रम: आधी डीजीसीएची (भारताची विमान नियामक संस्था) आयात परवानगी, मगच पूर्ण पैसे. त्यानंतर एन-नोंदणी (अमेरिकेतली) रद्द (दोन देशांत एकच विमान नोंदवता येत नाही), कस्टम्स, व्हीटी (भारतातली) नोंदणी, शेवटी वायुयोग्यता प्रमाणपत्र आणि एआरसी (त्याचं आढावा प्रमाणपत्र). एआरसी दरवर्षी.

रिव्हेट: त्याआधी ओक्लाहोमातल्या एफएएच्या (अमेरिकेची विमान नियामक संस्था) नोंदणी शाखेतून विमानाच्या सगळ्या ३३७ ची सीडी मागवा. लॉगबुक, सीडी आणि प्रत्यक्ष विमान, तिन्ही समोरासमोर ठेवून ताडा. विमानावर आहे पण कागदावर नाही असं काही निघालं, तर इथल्या तपासणीत हमखास अडकाल. अशा वेळी जुना मालक फोनही उचलत नाही.
जी५ साठी एसटीसीधारकाचं लेखी परवानगीपत्र विमानाच्या सिरीयल नंबरसह हवं. सोबत फ्लाइट मॅन्युअलचं पुरवणीपत्र, विजेच्या भाराचा हिशेब, नवं रिकामं वजन आणि गुरुत्वमध्य. जुना ऑटोपायलट दिशेच्या जायरोवरून हेडिंग घेत असेल तर जायरो काढला की तो हेडिंग धरणार नाही. त्यासाठी जीएडी २९बी (जी५ आणि ऑटोपायलट जोडणारं गार्मिनचं उपकरण) लागतं. जोडणी त्या ऑटोपायलटला चालते का, हे आधी बघा.
इंजिन ओ-३२०-एच२एडी असणार. त्याचे कॅम आणि टॅपेट झिजतात, म्हणून दर तेलबदलाला इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगचं एलडब्ल्यू-१६७०२ हे द्रव्य तेलात घालावं लागतं. तशी एडी (नियामकाचा सक्तीचा आदेश) आहे, पाळल्याची नोंद लॉगबुकात बघा. आपल्या दमट हवेत उभं राहिलेलं इंजिन आतून गंजतं, तेव्हा पावसाळाभर झाकून ठेवायचा बेत असेल तर हे इंजिन मी तरी घेणार नाही.

खाडीकाठ: एक राहिलंच. व्हीटी नंबर मिळाला की ईएलटी (अपघातात आपोआप संकेत पाठवणारं यंत्र) भारताच्या ४१९ कोडने नव्याने प्रोग्रॅम करून बेंगळुरूला नोंदवा. मोड-एस ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) असेल तर त्याचा २४ बिटचा पत्ताही बदलतो. रेडिओचा परवाना वेगळा.
आणि एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) कुठून आणणार, ते आजच ठरवा.

चिपीवाला: सीडी आजच मागवतो. ऑटोपायलट कुठला आहे ते विचारून इथेच कळवतो.