मदत हवी आहे : सेकंड हँड बाईक, आरसीवर नाव वेगळं

चिखलवाट : जरा लवकर सांगा, उद्या सकाळी व्यवहार आहे. बाईक चालवून पाहिली, इंजिन एकदम मस्त. घरी येऊन एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला तर मालकाचं नाव विकणाऱ्याचं नाही. मधली अक्षरं झाकलेली येतात, पण पहिलं अक्षरच वेगळं आहे. तो म्हणतो सही केलेले फॉर्म तयार आहेत, टेन्शन घेऊ नका. आज रात्रीच टोकन मागतोय. देऊ का?

प्रवासी : गाडी कुठल्या पासिंगची? किती सालची? आरसी हातात घेतलीत की फोटो पाहिलात? कर्जावर होती का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

जुनी चाकं : एवढा विचार नका करू. आरसी आणि मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० एजंटच्या हातात द्या, तो करून आणतो. मी सगळ्या गाड्या अशाच घेतल्या, आजवर कुठे अडलं नाही.

अबोली : एजंट कागद जमा करतो, कागद खरा आहे याची जबाबदारी घेत नाही. पैसे गेल्यावर त्याला काय विचारणार?

रेती : टू-व्हीलरचं लायसन्स आहे ना? आता आधार असेल तर लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते.

चिखलवाट : लायसन्स कधीचंच आहे हो, प्रश्न तो नाही. एमएच पासिंग, २०१२ ची. आरसी स्मार्ट कार्डवाली, हातात घेऊन पाहिली. तिच्यावर त्याच्या वडिलांचं नाव आहे. कर्जाचं विचारलं नाही. आता सांगा.

प्रवासी : वडील हयात आहेत का? फॉर्मवर सही कोणाची?

चिखलवाट : वारले, मागच्या वर्षी. सह्या त्यांनीच आधी करून ठेवल्या होत्या म्हणे.

जुनी चाकं : मग झालं की. तारीख रिकामी असेल तर आपण टाकायची. सगळे तेच करतात.

अबोली : नाही, नाही. माणूस गेल्यानंतरची तारीख टाकून त्याच्या सहीने गाडी विकणं म्हणजे सरळ खोटा कागद. वारसांपैकी कुणी तक्रार केली तर गाडी तुमच्या दारातून उचलली जाईल. असला सल्ला कृपया देऊ नका.

लोखंडी : चिखलवाट, टोकन देऊ नका. मालक वारल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१. हा अर्ज मृत्यूपासून तीन महिन्यांत करायचा असतो, म्हणजे इथे उशीर झालेलाच आहे. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागेल. ते झालं की मुलगा मालक म्हणून २९ आणि ३० वर सही करेल. हे त्याचं काम आहे, तुमचं नाही.

दुसरं, उद्या जाणारच असाल तर चासी नंबर बघून या. बहुतेक बाईकचा नंबर हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की हेडलाइटच्या मागे फ्रेमच्या नळीवर दिसतो. ग्रीस आणि धूळ फडक्याने पुसा, पातळ कागद दाबून धरा आणि वरून पेन्सिल आडवी घासा. सतरा अक्षरं उमटतात. त्यात आय, ओ आणि क्यू नसतात, म्हणजे गोल दिसेल तो शून्यच. हा ठसा आरसीशी एकेक अक्षर लावून पाहा. ओळ वाकडी असेल, एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल असेल किंवा तेवढ्याच जागी रंग ताजा असेल तर तिथूनच परत फिरा. इंजिन नंबर इंजिनाच्या केसिंगवर असतो, तोही जुळवा. ॲपवर माहिती बरोबर दिसते म्हणजे समोर उभी असलेली गाडी तीच आहे, असं होत नाही. चोरीच्या गाडीला दुसऱ्या चांगल्या गाडीची नंबर प्लेट लावलेली असू शकते.

प्रवासी : यात भर. एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारा विभाग) वाहन समन्वय सेवेत चोरीला गेलेल्या गाड्यांची नोंद असते, तिथे चासी आणि इंजिन नंबर टाकून बघा. ई-चलन किती थकलंय तेही बघा. आणि २०१२ ची म्हणजे पंधरा वर्षांची नोंदणी २०२७ मध्ये संपते. मग तपासणी करून फेरनोंदणी, फॉर्म २५. तो खर्च धरूनच भाव बोला.

ओलं रान : कितीचं ॲव्हरेज देते? कार्बोरेटरवाली असेल तर मायलेजवर जाऊ नका, पिकअप बघा.

जुनी चाकं : सगळे उगाच घाबरवताय. नावावर न करता वर्षानुवर्षं फिरणारे कितीतरी आहेत.

अबोली : आहेत, आणि अपघात झाला की भोगतातही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात स्पष्ट केलंय की नोंदणीत ज्याचं नाव, कायद्याने मालक तो, भरपाईही त्याच्यावर. त्या मुलाला हे दाखवा. नावावर करून देण्यात त्याचंही भलं आहे.

चिखलवाट : फोन केला होता. फॉर्म ३१ त्याने ऐकलेलाच नव्हता. एक बहीण आहे, ती संमती द्यायला तयार आहे म्हणाला. टोकन दिलं नाही. पण आता ॲपवर नीट पाहिलं तर फायनान्सरच्या रकान्यात बँकेचं नाव दिसतंय. कर्ज कधीच फिटलं म्हणतो. मग नाव का दिसतं?

लोखंडी : कर्ज फिटलं तरी एचपी, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद, आपोआप निघत नाही. बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणून आरटीओत द्यावा लागतो. ते कुणी केलेलं दिसत नाही. बँकेच्या संमतीशिवाय मालकी बदलणार नाही, तेव्हा हा कागद त्याला आधी आणायला सांगा. वडिलांचं कर्ज खातं बंद झाल्याचं पत्र घरात कुठेतरी असेल, नसेल तर बँकेच्या शाखेत मृत्यूचा दाखला घेऊन त्यालाच जावं लागेल.

चिखलवाट : सांगतो त्याला. उद्या पैसे न नेता फक्त पेन्सिल आणि कागद घेऊन जातो. इन्शुरन्सही वडिलांच्या नावावर आहे, त्याचं काय?

प्रवासी : गाडी तुमच्या नावावर लागली की चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसीत नाव बदलून घ्या. मुदत संपली नाही ना, ते ॲपवर आत्ताच बघा.