बीए समाजशास्त्र: प्रकल्पाला गावची कोमुनिदाद (गोव्यातली, गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) घेऊ का?

प्रश्न (फोंडा): विषय झेपेल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर १: झेपेल, पण अख्खी संस्था नको. एकच प्रश्न धरा: नफ्याचा वाटा कोणाला मिळतो, कोणाला नाही? परंपरेने तो गावकारांच्या, म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांच्या, पुरुष वंशजांचा. म्हणजे जात, लिंग, जमीन तिन्ही आली. 10-12 सखोल मुलाखती पुरेत. नुसत्या गावकारांना भेटलात तर चित्र एकांगी होईल. कुळं, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे), घरातल्या बायका हव्यातच.

उत्तर २: ‘भेदभाव होतो का?’ विचारलंत की सगळे ‘छे!’ म्हणणार. ‘मागच्या बैठकीत कोण कोण बोललं?’ विचारा. बरेच जुने कागद पोर्तुगीजमध्ये. वाचून देणारा आधीच शोधा.

उत्तर ३: सिद्धांत शेवटी चिकटवू नका, परीक्षकाला लगेच कळतं. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची वर्ग, प्रतिष्ठा, पक्ष ही मांडणी घेऊनच प्रश्नावली बनवा.