छापचित्रांची कार्यशाळा: तुमचा पहिला ठसा कसा उठला?

कपाट आवरताना कॉलेजातली लिनोची (कोरून छापायच्या मऊ लिनोलियमची) लादी सापडली. शाई अजून खाचांत. तुम्हीही कधी हात काळे केले असतील तर लिहा, फसलेलं आधी.

सुरुवात माझ्यापासून. पहिल्या दिवशी मोठ्या भक्तिभावाने 'श्री' कोरला. सुलटा. कागद उचलला तर 'श्री'ने पाठ फिरवलेली. सर म्हणाले, "देवाला आरसा दाखवलात!" तेव्हापासून बटरपेपर उलटा टाकून गिरवल्याशिवाय हत्यार उचलत नाही.

शाईबोट्या
लिनो उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो. आणि डावा हात हत्याराच्या पुढे नको. माझ्या अंगठ्यावर खूण आहे.

जस्ताचा पत्रा
आमची पाच दिवसांची एचिंगची कार्यशाळा, म्हणजे ॲसिडने पत्र्यावर रेघा खोदायच्या आणि त्यांत शाई भरून छापायचं. पत्र्यावर ॲसिड अडवणारा लेप, त्यावर सुईने म्हातारीचे केस काढले, अगदी दाट. मग नायट्रिक ॲसिडचं तबक. रेघांवर बुडबुडे धरतात, ते पिसाने हळूच सारायचे. ते करता करता चहा आला. परतलो तोवर केसांमधला लेप सुटून सगळ्या रेघांचा मिळून एक चर झालेला. म्हटलं, चला, केस काळेभोर येतील. आले राखाडी! रुंद चरात शाई टिकतच नाही, पुसताना कापडाबरोबर निघून जाते, फक्त कडांना राहते. पुन्हा राळेची पूड भुरभुरली, खालून तापवून चिकटवली आणि परत ॲसिडात. त्या दाण्यांमधल्या फटींनी शाई धरली तेव्हा कुठे म्हातारी तरुण झाली.

रांगेतला
तुमची मजा आहे. आमच्याकडे प्रेस १ आणि मुलं ३०. भिजवलेला कागद नंबर येईपर्यंत वाळायचा. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना मिळालं. शेवटी घरी येऊन प्लायवूड कोरलं आणि आईच्या डावाच्या पाठीने घासून छापलं. प्रेसपेक्षा बरं आलं, खोटं नाही सांगत.

मळवलीकर नात
मी शिळाछापाची, म्हणजे दगडावर चित्र काढून छापायची. दगड घासून सपाट करण्यातच दोन दिवस गेले. मॅडमनी सांगितलं, रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे इकडे लोणावळ्याजवळ मळवलीला आला, आणि त्या चित्रांत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. घरी येऊन आजीच्या देवघरातल्या लक्ष्मीला भिंग लावलं. गालावर ठिपकेच ठिपके! आजी म्हणाली, "देवाला काय तपासतेस गं?"

दोन रोलर
छापचित्रकार कृष्णा रेड्डींच्या, एकाच पत्र्यावरून अनेक रंग छापायच्या पद्धतीचा प्रयोग केलाय का कुणी? एकाच पत्र्यावर एक मऊ रोलर, एक कडक. जवसाच्या तेलाने पातळ केलेल्या शाईवर घट्ट शाई बसत नाही, म्हणून रंग आपापल्या जागी राहतात. माझे राहिले नाहीत. तेलाचा अंदाज चुकला, झाला चिखल.

३/१०
आईला ठसा दिला. कोपऱ्यातला ३/१० (म्हणजे दहा ठशांतला तिसरा) बघून म्हणाली, "दहापैकी तीनच? फ्रेम कशाला करायची मग?"

(धागाकर्ती) अगं आई गं! बरं, नखांतली शाई कशाने काढता? खोबरेलाने निघते म्हणतात. माझी बहिणीच्या हळदीपर्यंत निघाली नव्हती.