नर्सिंगमधून संशोधनाकडे: डिप्लोमा, एम.एस्सी. की एमपीएच?

सत्तरीची_सिस्टर
बी.एस्सी. नर्सिंग केलंय, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सरकारी नोकरीत आहे. पावसाळ्यात शेतात अनवाणी उतरणारी मधुमेहाची माणसं पायाच्या जखमा घेऊन वॉर्डात येतात. ड्रेसिंग शिकवून घरी पाठवतो. काहींची जखम भरते, काही चतुर्थीनंतर बोट काळं पडून परत येतात. डिस्चार्जआधी घरच्या माणसाला नीट हाताला धरून शिकवलं तर जखमा लवकर भरतात का, हे मला पुराव्यानिशी दाखवायचंय. एक वर्षाचा क्लिनिकल रिसर्च डिप्लोमा (जाहिरातीत नोकरीची हमी आहे), एम.एस्सी. नर्सिंग की एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी)? फी आणि रजा दोन्हींचा विचार करायचाय.

म्हापशेकार
सिस्टर, मी औषधांच्या चाचण्यांमध्ये कोऑर्डिनेटर आहे. त्या डिप्लोमातून आमचं काम शिकायला मिळतं: संमतीपत्रं, व्हिजिटचं वेळापत्रक, नोंदी, जीसीपीचे (चाचण्या नीट चालवण्याचे) नियम. काम प्रामाणिक आहे, पण प्रश्न कंपनीचा असतो, प्रोटोकॉलही तिचाच. तुमच्याकडे प्रश्न आधीच आहे. डिप्लोमावर पैसे घालू नका.

फोंड्याचा_पीएसएम
म्हापशेकारांशी सहमत. मी कम्युनिटी मेडिसिन शिकवतो, त्यामुळे थोडं लांबणार.

बाय, तू जे विचारतेस त्यालाच ट्रान्सलेशनल संशोधन म्हणतात. उपचार माहीत आहे, पण तो सत्तरीतल्या घरात पोचतो का? अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने 2006 साली यासाठी सीटीएसए नावाचा मोठा कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडचं उदाहरण तर गोव्यातलंच आहे. ‘संगाथ’ या स्वयंसेवी संस्थेने ‘मानस’ नावाची चाचणी इथल्या 24 दवाखान्यांत केली, निम्मे सरकारी, निम्मे खासगी. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत केली. 2010 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: सरकारी आरोग्य केंद्रांत फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. उपचार तोच, जागा बदलली की उत्तर बदललं. हे वाचायला आणि असं काही उभारायला जे शिक्षण शिकवतं, ते घे.

माझ्या मते तुला एम.एस्सी. नर्सिंग. त्यात संशोधन आणि संख्याशास्त्र आहे, प्रबंध आहे. पण एक गोष्ट मनापासून सांगतो. बरेच प्रबंध ‘शिक्षण कार्यक्रमापूर्वी ज्ञान इतके, नंतर इतके’ यावर संपतात. शिकवल्याबरोबर प्रश्नावलीतले गुण वाढणारच. तुझं मोजमाप जखम भरली की नाही, हेच राहू दे. गाईड ते बदलून प्रश्नावली घ्यायला सांगत असेल तर गाईड बदल. प्रवेशाआधीच भेटून हे बोलून घे.

तोवर चेन्नईच्या एनआयईचा (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा) हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स हा ऑनलाइन कोर्स कर. ऐकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागतात. ड्युटी सांभाळून होतो.

सत्तरीची_सिस्टर
सर, म्हणजे वॉर्डातले निम्मे रुग्ण शिकवायचे, निम्मे नेहमीसारखे ठेवायचे, असंच ना? संख्याशास्त्राचं मात्र मला दडपण आहे.

फोंड्याचा_पीएसएम
इथेच मेख आहे. खाटा शेजारी शेजारी. एकाच्या बायकोला ड्रेसिंग शिकवलंस की शेजारच्या खाटेवरची सून पाहणारच, आणि पाहावंच. मग फरक पुसट होतो. म्हणून कोणाला शिकवायचं याची चिठ्ठी रुग्णांची न टाकता केंद्रांची टाकतात, मानसमध्येही तेच केलं होतं. पण एका केंद्रातले रुग्ण एकमेकांसारखे असतात, त्यामुळे जास्त माणसं लागतात. प्रत्येक केंद्रात 20 रुग्ण आणि त्यांच्यातलं साम्य (0 म्हणजे अजिबात नाही, 1 म्हणजे अगदी सारखे) 0.05 धरलं तर नमुना 1.95 पट, म्हणजे जवळपास दुप्पट होतो. सूत्र छोटं आहे: 1 + (20 − 1) × 0.05. एवढं तुला जमेल. बाकीचं संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून कर, पण माहिती गोळा झाल्यावर नव्हे, आधी.

एका प्रबंधात इतकी केंद्रं झेपणार नाहीत. दोन वर्षांत दोन-तीन केंद्रांत छोटा पथदर्शी अभ्यास कर: नातेवाईक शिकायला थांबतात का, बारा आठवड्यांनी किती जण जखम दाखवायला येतात. मोठी चाचणी त्यावर उभी राहील.

म्हापशेकार
माझ्याकडून कागदपत्रांचं: आधी एथिक्स कमिटीची मंजुरी, मग सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी, मग पहिला रुग्ण. 1 एप्रिल 2018 पासून रुग्ण घेऊन झाल्यावर तिथे नोंदणी होत नाही. संमतीपत्र मराठीत आणि कोंकणीत करा, आणि ते वाचून दाखवायला वॉर्डाबाहेरची व्यक्ती ठेवा. सिस्टरनेच विचारलं तर रुग्णाला नाही म्हणायला जड जातं.

सत्तरीची_सिस्टर
देव बरें करूं. हे मला सुचलंच नव्हतं. रजेचा अर्ज करण्याआधी काय हाताशी ठेवू?

फोंड्याचा_पीएसएम
मेडिकल ऑफिसरची लेखी परवानगी घेऊन मागच्या दोन पावसाळ्यांचं अ‍ॅडमिशन रजिस्टर काढ. पायाच्या जखमेचे किती, त्यातले पुन्हा किती आले, नावं न उतरवता. हे दोन आकडे घेऊन गाईडकडे जा.